ब्रेकमधली हवा

गेणूने उजव्या हाताने मोटरसायकलच्या ब्रेकचा लिव्हर आवळून धरला आणि वाकून डाव्या हाताने चाकाजवळच्या नटाचा पाना फिरवला. नटाला लावलेल्या नळीतून तेल बाटलीत उतरलं. तेलात बुडबुडे होते. लिव्हर मुठीला जाऊन टेकला.

"सोड," तो म्हणाला, आणि त्याच्याच हाताने लिव्हर सोडला.

नट उघडाच होता. नळीतलं तेल मागे चढलं आणि त्यामागून हवा आत गेली. आत हवा असेतो लिव्हर असाच सैल मुठीला टेकणार, ब्रेक लागणार नाही.

सकाळपासून हेच चाललं होतं. ब्रेकमधली हवा काढायचं काम दोघांचं. एकाने वर लिव्हर धरायचा, दुसऱ्याने खाली नट सोडायचा, आवळायचा. इतकी वर्षं वर त्याची बायको भागू असायची. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण हात सोडायच्या आधी ती विचारायची, "आवळलं का?" हो म्हटल्याशिवाय ती सोडत नसे. त्यामुळे नट आवळायची आठवण गेणूला स्वतः कधी ठेवावीच लागली नाही. भागू श्रावणात गेली.

कुंपणापलीकडून शेजारच्या चिमाजीने मान वर केली.

"गेणूभाऊ, गाडीला बाराखडी शिकवताय का राव? दाब, सोड, दाब, सोड! येऊ का धराया?"

"नको. जमतंय."

"जमतंय, तर मघापासनं सोड कुणाला म्हणताय?"

उगाच गाईच्या पाठीवर हात फिरवून चिमाजी गोठ्यात गेला.

तेजस्विनी चहा घेऊन बाहेर आली. आईचं दिवसकार्य होऊन गेलं तरी पोरगी नाशिकला परतली नव्हती. तिथल्या दवाखान्यात ती नर्स होती.

"आबा, मी धरते ना."

"तू बॅग भर."

"भरायची का नाय, ते बघू की."

गेणू चहा प्यायला. काल ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, ते त्याने मोरीतून ऐकलं होतं. सुट्टी वाढवा, नाहीतर राजीनामा घ्या. आमच्या आबांना एकट्याला काहीच जमत नाही. तिला नर्सिंगला पाठवताना भागूने सगळ्या भावकीशी वाकडं घेतलं होतं.

"हे बघ," तो कप खाली ठेवत म्हणाला, "ब्रेक मी एकट्यानं केला, तर जाशील का न्हाई?"

ती हसली. "केला तर लगेच निघते. आत्ताच्या आत्ता."

"मग जा आत. बघत नको बसू."

ती आत गेल्यावर त्याने परत सुरुवात केली. आता तो तोंड मिटून काम करत होता. दाबला, नट सोडला, आवळला. एकदा जमलं, दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्या वेळी पाना नटावरून घसरला, तो सावरताना वरचा हात सुटला. नळीत पुन्हा बुडबुडे दिसले. नवं तेल ओतायला त्याने डबी उलटी केली. दोन थेंब पडले. तेल आणायचं तर मंचरला जावं लागलं असतं.

तो जरा वेळ गाडीपाशी उकिडवा बसून राहिला. मग त्याने मडगार्डवर सांडलेलं तेल रंग जाऊ नये म्हणून पाण्याने धुतलं, पाने गोळा केले आणि दारात जाऊन म्हणाला,

"झालं."

"घट्ट झाला?"

"दगडावानी."

तेजस्विनीने त्याच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन बॅग भरली, साडी बदलून ड्रेस घातला, आईच्या फोटोपुढे उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"चला, मला कळंबला सोडा. हायवेला नाशिकची गाडी मिळंल."

"चालत जाऊ," गेणू म्हणाला.

"कळंबला? चालत?"

"लई दिस झालं, चाललो न्हाई. बॅग घेतो की मी."

तो वळून दाराला कुलूप लावू लागला. मागे तेजस्विनीने दाबलेला गाडीचा लिव्हर थेट मुठीवर टेकल्याचा आवाज आला. कुलूप लागलं होतं, तरी तो किल्ली फिरवत राहिला. आता ती काय म्हणेल, याची वाट बघत.

तो वळला, तेव्हा ती रस्त्याला लागली होती. त्याने बॅग उचलली आणि तिच्यामागे निघाला.

चिमाजीच्या कुंपणापाशी ती थांबली.

"चिमाजीकाका! उद्या सकाळी आमच्याकडं या. वर ब्रेक धराया माणूस लागतंय."

"येतो की," गोठ्यातून आवाज आला.

गेणूने नको म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि बॅग दुसऱ्या हातात घेतली.