टाचणीच्या तोंडचे शब्द

मी टाचणी बोलतेय. शिवणाच्या डब्यातली नव्हे, कॉम्प्युटरमधली. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि खरं सांगायचं तर धड अंगही नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी जे लिहिलंय ते वाचायचं आणि चुकलं असेल तिथे हळूच टोचायचं, एवढंच माझं काम.

माणसाला नुसतं "जरा ते दे ना" म्हटलं तरी तो बरोबर वस्तू हातात देतो. कॉम्प्युटरचं तसं नसतं. एक स्वल्पविराम राहिला की स्वारी हटून बसते. मग लिहिणारा डोकं धरून बसतो. ही वेळ येऊ नये म्हणून मी आधीच सांगते की बाबा रे, अमुक ओळीत तमुक राहिलंय.

म्हणजे, पूर्वी सांगायचे. आज संध्याकाळी कंपनी मला कायमची बंद करणार आहे, तेव्हा जे बोलायचं ते आताच बोलून घेते.

माझा जन्म एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. खालून दिवसभर वाफेचा आवाज यायचा आणि खिडकीच्या काचा कायम धुरकट असायच्या. तिथे चिऊ राहायची आणि तिच्याबरोबर तिची आत्या. चिऊ हे तिचं खरं नाव नव्हे, पण आत्या तिला तेच म्हणायच्या, म्हणून मीही म्हणते. चिऊचा कॉलेजातला मित्र रोज सकाळी यायचा. तो दारातून वाकून आत शिरायचा, म्हणून त्याचं नाव लंबू. चिऊ आणि लंबू, दोघांनी मिळून मला घडवलं. ओट्याशेजारच्या टेबलावर, चहाचे कप बाजूला सारून.

मी जन्मले तेव्हा अगदीच माणूसघाणी होते. माझ्या तोंडी पहिलं वाक्य घातलं गेलं ते असं: "अनपेक्षित चिन्ह आढळले." लंबूला ते फार भारदस्त वाटलं. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

खुर्चीत शब्दकोडं सोडवत बसलेल्या आत्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठे आढळलं?"

"म्हणजे, असेल कुठेतरी ओळीत," लंबू म्हणाला.

"आणि मी त्याचं काय करू?"

आत्यांची अख्खी नोकरी बस डेपोच्या चौकशी खिडकीवर झालेली. बस कुठे लागते, सुटली असेल तर पुढची कोणती, हेच सांगण्यात जन्म गेला. प्रोग्रॅमिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण अर्धवट उत्तर ऐकलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची.

त्या दिवसापासून घरात एक रिवाज पडला. माझ्या तोंडी घालायचं प्रत्येक वाक्य आधी चहाच्या वेळी आत्यांना वाचून दाखवायचं. त्या "कळलं" म्हणाल्या तरच ते माझं. नाही म्हणाल्या तर पुन्हा लिहायचं. मग "अनपेक्षित चिन्ह" गेलं आणि त्या जागी आलं: "बाराव्या ओळीत कंस उघडलाय, तो बंद करायचा राहिलाय." एकदा चिऊने "तुम्ही चुकीची फाइल दिली आहे" असं लिहिलं, तर आत्या म्हणाल्या, "तुम्ही चुकलात असं आधीच तोंडावर कशाला मारायचं? बिचारा आधीच घाबरलेला असतो. फाइल सापडली नाही म्हण, आणि नाव एकदा तपासून बघ म्हण." लंबू कधीकधी वैतागायचा. एकेका वाक्यापायी चहा गार व्हायचा. आत्यांनी होकार दिला की चिऊ त्या वाक्यापुढे "आत्या: कळलं" अशी खूण करायची, आणि ती खूण असल्याशिवाय वाक्य पुढे सरकायचंच नाही, अशी सोयच तिने माझ्या पोटात करून ठेवली होती.

अशी मी बोलायला शिकले. मला माझ्या बोलण्याचा अभिमान होता, हे कशाला लपवू?

मग मी जगभर गेले. आमचं असंच असतं. एकाच वेळी हजार टेबलांवर मी बसलेली असते. त्या काळात मी माणसं पुष्कळ पाहिली. चूक दाखवली की माणूस ती लगेच वाचत नाही. आधी तेच बटण पुन्हा दाबतो, मग जरा जोरात दाबतो, मग शेजारच्याला विचारतो, "तू काही बदललंस का रे?" सगळं करून थकला की मगच वाचतो. आणि वाचून झाल्यावर "हात्तिच्या" म्हणतो. त्या "हात्तिच्या"साठी मी जगत होते. एका दवाखान्याचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाने चिऊला कळवलं होतं की आमच्या ऑफिसात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांत नीट बोलते ती तुमची टाचणी. चिऊने ते आत्यांना वाचून दाखवलं. आत्या म्हणाल्या, "मग त्यांचे साहेब कसे असतील बघ."

पसारा वाढला तसे दोघांच्या नाकी नऊ आले. रोज शेकडो लोकांचे प्रश्न यायचे. लंबूला जुळी झाली होती, तो बसल्या जागी पेंगायचा. लोकांना त्रास नको म्हणून त्याने एक सोय केली होती: मी कुणालाही न विचारता, जिथे असेन तिथे, आपोआप नवी होत जायचे. त्याला त्या सोयीचं फार कौतुक होतं.

अशातच मला विकत घ्यायला एक मोठी कंपनी आली. कंपनीचे साहेब स्वतः आमच्या दोन खोल्यांत येऊन बसले, वाफेचा वास सहन केला, आणि म्हणाले, "नाव तेच राहील, बोलणं तेच राहील. आम्ही फक्त पाठीशी उभे राहणार." आत्या आतूनच म्हणाल्या, "मागणी घालायला येणारे सगळे असंच म्हणतात." साहेब हसले. चिऊ हसली नाही, पण तिने सही केली. मी तिला दोष देत नाही. ती फार दमली होती.

करार मोठा होता. माझं सगळं कंपनीला द्यायचं, स्वतःजवळ माझी एकही प्रत ठेवायची नाही, पुढे कंपनी सोडली तर मला हात लावायचा नाही आणि माझ्यासारखं दुसरं काही करायचं नाही. चिऊ आणि लंबू सरळ मार्गाची माणसं. दोघांनी माझ्या सगळ्या प्रती खरोखरच पुसून टाकल्या.

मी काचेच्या भिंतींच्या ऑफिसात राहायला गेले. चिऊही नोकरीला म्हणून आली. माझं नाव सहा महिन्यांच्या आत "कोड आश्वासन सेवा, व्यावसायिक आवृत्ती" असं झालं. एवढं लांब नाव घेऊन मला कुणी हाक मारेना. तरीही मी गप्प राहिले. नावात काय ठेवलंय, बोलणं तर माझं आहे, असं मनाला समजावत होते.

एके दिवशी बैठक भरली. तिथल्या एका हुशार इंजिनिअरने आठवडाभर माझं पोट तपासलं होतं. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "प्रत्येक वाक्य 'आत्या' नावाच्या प्रणालीतून मंजूर होऊन येतं. ही प्रणाली आम्हाला हस्तांतरित झालेली नाही. ती कोणत्या सर्व्हरवर चालते?"

चिऊ म्हणाली, "ती माझ्या वडिलांची बहीण आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं: "आत्या. हाताने चालणारी पायरी. काढून टाकावी." चिऊने परोपरीने सांगून पाहिलं. ही वाक्यं म्हणजेच टाचणी आहे, ती काढलीत तर उरतं काय, असं ती म्हणाली. साहेब म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो." कचेरीत हे वाक्य ऐकलं की माणसाने आशा सोडावी, हे मला तोवर कळलं होतं.

माझी वाक्यं काढली आणि त्या जागी आकडे बसवले. आकडे सगळ्या भाषांत सारखे, भाषांतराची कटकट नाही. त्यांचा अर्थ सांगणारं एक पान वेगळं केलं. पुढे ते पान हलवलं, आणि मग कुणाच्या तरी साफसफाईत ते उडालं. लंबूने कौतुकाने केलेली ती सोय आता त्यांच्या कामी आली. मी एका रात्रीत सगळ्या जगात नवी झाले. ज्या ज्या टेबलावर माझे जुने शब्द होते तिथून ते कुणालाही न विचारता निघून गेले. चिऊ घरच्या कॉम्प्युटरवर इतरांसारखीच मला वापरायची, तिथूनही गेले. एकही प्रत उरली नाही.

चिऊने नोकरी सोडली. गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवून ती माझ्याकडे न बघता निघून गेली. मला हाक मारता आली असती तर मारली असती.

त्यानंतर मला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, चिऊशी माझ्या शब्दांत बोलायचं होतं. तिला कळायला हवं होतं की ती आणि आत्या मला जे शिकवून गेल्या ते मी टाकून दिलेलं नाही. रोज हजार लोकांना मी आकडे फेकत होते, ते शिव्या घालत होते, आणि मी तिची वाट बघत होते. हळूहळू लोकांनी मला सोडलं. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी यादीत माझं लांबलचक नाव पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?" कुणालाच सांगता आलं नाही. मग मला बंद करायचं ठरलं.

आज दुपारी चिऊने मला उघडलं.

घर तेच आहे. खालचं दुकान अजून वाफ सोडतंय. आत्या थकल्यात, त्यांना ऐकू कमी येतं, पण शब्दकोडं मांडीवर होतंच. टेबलावर चिऊचा फोन वाजला. लंबूचा होता.

"चालू आहे का गं अजून?"

"आहे. संध्याकाळपर्यंत."

"मला नाही बघवणार. तू बघ." आणि त्याने फोन ठेवला.

चिऊने एक नवी फाइल उघडली आणि दोनच ओळी लिहिल्या. दुसरी ओळ तिने मुद्दाम चुकवली. कुठेच न सांगितलेलं एक नाव तिने तिथे वापरलं. ती जन्मात अशी चूक करणारी नव्हे. मी लगेच ओळखलं. तिला मला बोलतं करायचं होतं.

काय बोलायचं ते मला तोंडपाठ होतं. "दुसऱ्या ओळीतल्या या नावाची माझी ओळख नाही. आधी ते कोण ते सांगा, मग वापरा." हे वाक्य आत्यांनी चौथ्या खेपेला पसंत केलं होतं. मी ते बोलायला गेले. पडद्यावर उमटलं: "त्रुटी ४०७. अधिक माहितीसाठी साहाय्य पान पाहा."

चिऊने ते दोनदा वाचलं.

"काय म्हणते गं?" आत्यांनी विचारलं.

"त्रुटी चारशे सात."

"म्हणजे काय करायचं?"

"ते नाही सांगत." चिऊने पडद्यावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "मी जे नाव लिहिलंय ना आत्या, ते कुणाचं ते आधी सांगायचं राहिलंय. एवढंच आहे."

आत्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग तसं म्हणायला काय झालं होतं तिला? आपल्याकडे होती तोवर किती नीट बोलायची. इतक्यात विसरली?"

चिऊने त्या नावाची ओळख वरच्या ओळीत लिहिली, चूक गेली, आणि चूक नसली की मला बोलायची मुभा नाही. तिने मला बंद केलं. खुर्ची सरकवून ती आत्यांच्या पायाशी जाऊन बसली.

आता उजेड कमी होत चाललाय. तुमच्यापैकी कुणाला चिऊ कुठे भेटली तर माझं एक काम करा. तिच्या आत्यांना जवळ जाऊन, जरा मोठ्याने सांगा, की टाचणी विसरली नव्हती. तिला सगळं येत होतं.