साखर झरणारे पाय

दोन खोल्यांचं घर, आणि आत शिरायला अख्खी गल्ली लोटलेली. चमत्कार म्हटला की माणसं चेंगरून घ्यायलाही तयार असतात. आतल्या खोलीत कॉटवर पाव-कारखान्यातला एक कामगार पाय पसरून बसला होता आणि सगळे त्याच्या पायांकडे डोळे फाडून बघत होते. कारण त्या पायांना मुंग्या लागल्या होत्या. एका धीट बाईने त्याच्या घोट्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि ती ओरडलीच, "अगंबाई, गोड आहे की!"

झालं! मग काय विचारता! आपापलं बोट पुढे करून माणसं रांगेला लागली.

"विष उतरलं, आता साखर झरतेय," दारातल्या खुर्चीवरून निचराबाबा म्हणाले. बाबांना आश्चर्य कसलंच वाटत नसे. दुसऱ्यांना वाटलं की ते ताबडतोब आपल्या खात्यावर जमा करत. "शरीर म्हणजे मोरी, बरं का! मोरी तुंबली तर तुम्ही नळ बदलता का? डॉक्टर नळ बदलतात. मी निचरा करतो."

ही गर्दी कोपराने बाजूला सारत धाकटी आत आली. ती कामगाराची पाठची बहीण, दुसऱ्या गावी शाळेत विज्ञान शिकवणारी. "तुमचा दादा बरा झाला, ताई, या लवकर," असा वहिनीचा फोन आला, तशी ती मिळेल त्या बसने निघाली होती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस बरा कसा होतो, हे तिला कळेना. आणि तरी झाला असेल तर किती बरं होईल, हेही मनातून जाईना.

दादाला पाहिलं आणि आशा जागच्या जागी संपली. तोंड सुजलेलं, ओठ निळसर, बसल्या बसल्या धाप. तिने त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच.

"धाकटे," दादा धापा टाकत हसला, "काल दोन तांबे... पाणी प्यायलो. गार. एका दमात."

दोन वर्षं हा माणूस वाटीने मोजून पाणी पीत होता. रक्त स्वच्छ करणारं मशीन आठवड्यातून दोनदा, आणि मधल्या दिवसांत घोटभर पाण्यासाठी तडफड.

"वहिनी, मशीन कितीदा चुकलं?"

"चुकलं नाही, ताई. सोडलं." वहिनीचा चेहरा उजळलेला होता, आणि तेच धाकटीला बघवेना. "मशीनच्या तीन खेपा झाल्या. अहो, दागिने गेले, घर गहाण पडलं. कारखान्यातली मंडळी ह्यांच्या पाळ्या वाटून घेऊन करतात, म्हणून पगार तरी येतो. पण बिलं काही थांबत होती का? शेवटी काकाच बाबांना घेऊन आले."

काका म्हणजे भट्टीवरचे मुख्य कारागीर. दादाच्या सगळ्यात जास्त पाळ्या त्यांनीच अंगावर घेतल्या होत्या. ते कोपऱ्यात उभे होते, डोळे जागरणाने लाल.

"पोरी, माझा गुडघा बरा केला बाबांनी," ते म्हणाले. "म्हटलं, पोराचा जीव आणि घर, दोन्ही वाचेल. बाबा पैसेही थोडेच घेतात. मीठ तर मीच पुरवतो कारखान्यातून."

"मीठ कशाला?"

ते सगळ्यांनी मिळून सांगितलं. प्लास्टिकचा टब, त्यात कोमट पाणी, मूठभर मीठ. टबात धातूच्या पट्ट्यांची एक गुंडाळी सोडायची, तिची वायर बाबांच्या यंत्राच्या डब्याला आणि डबा भिंतीतल्या प्लगला. पाय बुडवून अर्धा तास बसलं की पाणी तांबडं-काळं होतं, वर फेस येतो. ते तळव्यांतून उतरलेलं विष. आणि काल, काय सांगावं, पाणी शेवटपर्यंत नितळ राहिलं! बाबांनी टबात दोनदा वाकून पाहिलं, डबा हलवून पाहिला आणि मग हात वर करून जाहीर केलं, "निचरा पूर्ण!" पाय मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत धुवायचे नाहीत, नाहीतर गुण जातो.

धाकटीने दादाच्या पायाला हात लावला. बोटं चिकटली. तिने ती जिभेला लावली आणि काकांकडे वळून विचारलं, "काका, कालचं पोतं कुठाय?"

पोतं मोरीजवळ होतं. कारखान्यात मीठ आणि बारीक साखर सारख्याच पांढऱ्या पोत्यांत येते. काकांनी परवा लागोपाठ दोन पाळ्या करून पहाटेच्या अंधारात त्यातलं एक खांद्यावर टाकून आणलं होतं. त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि मटकन खालीच बसले.

"साखर," ते म्हणाले. "जन्म गेला माझा ह्या दोन पोत्यांत."

"मग तर आणखी मोठा चमत्कार!" बाबा उठले. "साखरेनेही निचरा झाला!"

"बाबा, एक काम करा," धाकटी म्हणाली. "टब लावा. मीठ घरातलंच घेऊ. पण पाय कोणाचेच घालायचे नाहीत."

"रिकाम्या पाण्यातून काय निघणार? यंत्राचा अपमान होतो."

"होऊ दे की थोडा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. तमाशा फुकट असला की गर्दी कोणाच्याही बाजूने असते.

टब खोलीच्या मधोमध आला. वहिनीने स्वतःच्या हाताने घरातलं मीठ टाकलं. आधी गुंडाळीभोवती पिवळसर धूर सुटल्यागत दिसलं, मग तांबूस झालं, मग फेस आला. बघता बघता पाणी अगदी रोजच्यासारखं झालं. त्यात कोणाचा पाय नव्हता.

"हे... हे ह्या वास्तूतलं विष!" बाबा म्हणाले, पण आवाज पडला होता.

धाकटीने प्लग काढला, गुंडाळी वर उचलली आणि पट्ट्यांवरून बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. "गंज आहे हा. पट्ट्या लोखंडाच्या आहेत. खारट पाण्यातून वीज चांगली जाते, लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. साखरेच्या पाण्यातून ती जवळजवळ जातच नाही, म्हणून काल पाणी नितळ राहिलं. दादाच्या अंगातलं विष तिथेच आहे. वर तीन खेपांचं साठलंय, आणि दोन तांबे पाणी. वहिनी, आत्ता निघायचंय. ह्या क्षणी."

वहिनी टबाकडे बघत राहिली. मग दादाकडे. दादाने मान खाली घातली होती. बरं झालेल्या माणसाला पुन्हा आजारी केलं ते आपणच, असं धाकटीला वाटलं आणि तिला रडू कोसळलं.

"चल," दादाच म्हणाला. "रडू नकोस. उचला मला."

त्याला दारातल्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून काकांनी आणि शेजाऱ्यांनी रस्त्यावर आणलं. त्या गडबडीत बाबा कधी सटकले, कोणाला कळलं नाही.

हॉस्पिटलात मशीन लावलं, पण हृदयाने तेवढा दम धरला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत दादा गेला.

काका भिंतीला डोकं टेकून म्हणत होते, "माझ्या पोत्याने मारलं त्याला."

"नाही, काका," धाकटी त्यांच्याजवळ बसली. "तुमच्या पोत्याने लबाडी पकडून दिली. दादा बरा नव्हता, आणि बरा झालास असं त्याला सांगितलं गेलं. त्या सांगण्याने मारलं." आणि मग तीही भिंतीला टेकली. "मीच आधी यायला हवं होतं," ती म्हणाली.

बाबांनी काही महिन्यांनी दुसऱ्या वस्तीत टब मांडला. वहिनीला कळलं तशी ती गेली. धाकटीही तिच्याबरोबर गेली. रांगेत एक बाई नवऱ्याला धरून उभी होती. त्याचे पाय सुजलेले, चपला काढून हातात घेतलेल्या. त्या दिवशी साखर चाखून लगेच परतलेल्यांत ती होती. वहिनीला ओळखून तिने आशेने विचारलं, "तुमच्या माणसाला गुण आला होता ना हो?"

"आला होता की," वहिनी म्हणाली. "पूर्ण बरे झाले, असं सगळ्या गल्लीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेले."

बाईने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"मी शिकलेली नाही," वहिनी म्हणाली. "पण एवढं कळतं. तो रंग तुमच्या माणसाचा आहे का यंत्राचा, हे आधी विचारा. पाय न घालता टब लावून दाखवा म्हणा. विचारलं म्हणून कोणाचं वाईट होत नाही, माझं न विचारल्याने झालं. आणि बिलं झेपत नसतील तर ते डॉक्टरांना तोंडावर सांगा. लाजू नका. रडा, भांडा, सवलत मागा, मदत देणारं तिथे कोण आहे ते शोधा. मी लाजले. इथे पैसे कमी लागतात आणि माणूस गोड बोलतो, म्हणून मी ह्यांच्या नादी लागले."

आतून बाबांचा आवाज येत होता, "शरीर म्हणजे मोरी, बरं का!" रांग पुढे सरकली. त्या बाईने थोडा वेळ नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग ती खाली बसली आणि त्याच्या पायांत चपला घालू लागली.