देव्हाऱ्यातली काळी वडी

मित्रांनो, वयानं मी काही म्हातारी नाही. पण अंगावर पांढरी भुकटी धरलेल्या वस्तूला तरुण तरी कोण म्हणेल? मी एक काळी वडी आहे. पेढ्याएवढी. हसू नका. पेढा खाल्ला की संपतो. माझ्या डोक्यावर एकेकाळी चाक अधांतरी फिरलं आहे. तुमच्यापैकी कुणी साधी टाचणी तरी अशी हवेत धरून दाखवावी, मग नाक मुरडावं.

माझी जन्मदात्री आकांक्षा. मसुरे गावच्या हौसाबाईची एकुलती लेक, सावंतवाडीच्या एका कॉलेजात शिकवायची. तिनं तीन भुकट्या घेतल्या, एक इट्रियमची, एक बेरियमची, एक तांब्याची. खलात घोटल्या, दाबून वडी पाडली, भट्टीत भाजली आणि प्राणवायूत हळूहळू निववली. ऐकायला सोपं वाटतं. माझ्याआधीच्या बहिणी कुणी तडकल्या, कुणी वाकल्या, कुणी नुसत्याच काळ्या निघाल्या, गुण शून्य. भट्टी पेटलेली असताना वीज गेली, की सगळं मुसळ केरात. सुट्टीत घरी आलेल्या लेकीचे काळे हात बघून हौसाबाई म्हणायची, "रात नि दीस वाटतंस तरी काय गो? तेवढां खोबरां वाटलां असतंस तर अख्खी वाडी जेवली असती!"

शेवटी मी साधले. मी एकटीच.

कडाक्याची थंडी मिळाली, की माझ्यातून जाणारी वीज कणभरही वाया जात नाही, आणि चुंबक माझ्यावर सोडला तर तो हवेतच राहतो. अशा वस्तूंना अतिवाहक म्हणतात. आकांक्षाला माझ्यासारख्या वड्यांवर एक जड चाक फिरवायचं होतं. ते कुठे टेकणार नाही, म्हणून घासणार नाही, म्हणून लवकर थांबणार नाही. वीज असताना चाकाला वेग द्यायचा, वीज गेली की तोच वेग वीज म्हणून परत घ्यायचा. मग बंदरावरचा बर्फ वितळणार नाही नि मासळी कुजणार नाही. कोळणींचे शिव्याशाप वाचतील, हे मी माझ्याकडचं सांगते.

पण ती थंडी आणायची कुठून? द्रवरूप नायट्रोजन आमच्याकडे एकाच ठिकाणी मिळे, ढोरांच्या दवाखान्यात. गायी फळवायला लागणारं बीज त्यात गोठवून ठेवतात. तिथले डॉक्टर सुदेश थर्मास भरून देताना कुरकुरायचे, "सगळो तुकाच दिलंय, तर गावातल्यो गायी माझ्या दारात येऊन हंबरतल्यो गो!" द्यायचे मात्र काठोकाठ.

एकदा आकांक्षानं मला घरी आणलं, ओटीवर थर्माकोलच्या ताटलीत ठेवलं आणि वरून नायट्रोजन ओतला. पांढरी वाफ उठली. तिनं चुंबकाचं छोटं चाक माझ्यावर सोडलं. ते तरंगलं. बोटानं टिचकी मारली, तर गरगर फिरत राहिलं. हौसाबाईनं खालून हात फिरवून पाहिला, वरून पाहिला. दोरा नाही, दांडा नाही. मग पदर सावरून तिनं मला हात जोडले.

"आये, ह्यो देव न्हय," आकांक्षा हसली.

"तुका काय कळता? शिकलेल्यांका देव समोर आसलो तरी दिसाक नाय!"

त्या तरंगत्या चाकाचा व्हिडिओ आकांक्षानं मुंबईला धाडला, आणि तिथून पाहणीला माणसं येणार असं ठरलं. चाक तरंगलं तर काम पुढे चालणार, नाही तर भट्टीच बंद. कॉलेजातल्या कपाटाला धड कुलूप नव्हतं, म्हणून आकांक्षानं मला ओल शोषणाऱ्या गोळ्यांसोबत घट्ट झाकणाच्या बरणीत घालून घरी ठेवलं आणि आईला बजावलं, "ह्येका पाणी लावू नको हां. पाण्यान ह्यां मरता."

ती सावंतवाडीला परतली. इकडे आंगणेवाडीच्या जत्रेला घरात पाहुणे भरले. हौसाबाईला राहवेना. लेकीचा देव बरणीत, लोणच्यासारखा? तिनं मला काढून देव्हाऱ्यात बसवलं.

शेजारची यशोदा म्हणाली सुद्धा, "आकांक्षान पाणी लावू नको म्हटलेलां ना गो?"

"भिजल्यार मरता तो देव कसलो? माझ्या चेडवाची परीक्षा आसा. ह्येका उपाशी नि पारोसो ठेवू?"

दूध, दही, मध, वर कोमट पाणी. रोज. ताम्हनात तासन् तास. मित्रांनो, ती मला मारत नव्हती हो. लेकीला यश दे म्हणून पुटपुटत होती. आणि मी आतून सुटत होते. मला ओरडायला तोंड नाही. असतं तर त्या माऊलीला असं फटकारलं असतं, की जत्रा थांबली असती.

पाहणीच्या आदल्या दिवशी हौसाबाईनं मला पुसून पुन्हा बरणीत घातलं, आणि आकांक्षा ती बरणी न उघडताच घेऊन गेली. कॉलेजात आकांक्षानं झाकण उघडलं. चंदनाचा वास आला. माझ्या अंगावरच्या एका बारीक छिद्रात कुंकवाचा कण होता. तिचा हात थबकला, पण माणसं समोर बसली होती. नायट्रोजन ओतला. वाफ तशीच उठली. चाक सोडलं. टक्. पुन्हा सोडलं. टक्.

"मॅडम, व्हिडिओत तर तरंगत होतं?" एक जण म्हणाला. दुसऱ्यानं घड्याळ पाहिलं.

घरी हौसाबाई दारातच उभी होती. "काय झालां गो?"

आकांक्षानं आईच्या हातांकडे पाहिलं. त्या हातांना अजून चंदन होतं. ती म्हणाली, "माझोच हिशोब चुकलो, आये."

मला पुन्हा कुटून भाजलं असतं, तर कदाचित मी उठलेही असते. पण भट्टी कॉलेजनं काढून टाकली. आकांक्षा मुंबईला नोकरीला गेली. तिथे कसल्याशा कचेरीत बसते. जाताना मला आईच्या ओंजळीत ठेवून म्हणाली, "आता ऱ्हवांदे तुझ्याकडेच."

मित्रांनो, ज्याला जपायचं, त्याला काय सोसतं हे आधी विचारा. आणि विचारल्यावर ऐका. माझ्यापुरती वेळ निघून गेली आहे. कडा झडल्या, अंग भुसभुशीत झालं. हौसाबाईला वाटतं, देव रुसला. तो प्रसन्न व्हावा म्हणून आता ती मला दोन वेळा न्हाऊ घालते. विहिरीवर रहाट वाजतोय. तिची कळशी भरत आली.