विचारल्याशिवाय

"हात बांधून भिंतीशी उभं राहायचं. निर्जंतुक केलेल्या निळ्या कापडाला धक्का लागता कामा नये. आणि डॉक्टरांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," सिस्टर बजावत होत्या. समोर कंपनीचे नवे प्रतिनिधी मास्क बांधायला शिकत होते. मोडलेल्या हाडांना लावायच्या प्लेट घेऊन उद्यापासून त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये जायचं होतं.

उभं आयुष्य थिएटरमध्ये काढून सिस्टर निवृत्त झाल्या, तेव्हा कंपनीनं त्यांना शिकवायला मानानं बोलावून घेतलं होतं. म्हणूनच थोरल्या बहिणीचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा कंपनीच्या साहेबांना गळ घालून त्यांनी आपला सगळ्यात गुणी शिष्य त्या ऑपरेशनला पाठवला. एवढं करूनही ताईचा पाय वाकडाच जुळला.

आज तोच शिष्य नव्या मुलांना चार शब्द सांगायला आला होता. चहाच्या वेळी सिस्टरांनी त्याला बाजूला घेतलं.

"ताईच्या वेळी आत काय झालं होतं?"

तो घुटमळला. "प्लेट आखूड पडत होती, मॅडम. लांब प्लेट माझ्या खोक्यात होती."

"मग?"

"डॉक्टरांनी विचारलं नाही."

"तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं. पण तुम्हीच..." पुढचे शब्द त्यानं गिळले.

त्याच्यावर चिडायचीही सोय उरली नव्हती. सिस्टर तडक साहेबांकडे गेल्या. "यापुढे मी शिकवणार, चूक दिसली तर बोला."

साहेब हसले. "सिस्टर, डॉक्टर दुखावले तर आपला माल कोण घेणार?"

सिस्टरांनी तिथल्या तिथे काम सोडलं. साहेबांनी थांबवलं नाही. दुपारचा वर्ग त्या शिष्यानं घेतला, सिस्टरांच्याच शब्दांत.

संध्याकाळी सिस्टर ताईकडे गेल्या. नेहमीसारखा तिचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळू लागल्या.

"ऑपरेशनला आलेल्या त्या मुलाला एकदा जेवायला आण गं," ताई म्हणाली. "परक्या बाईसाठी कोण एवढा वेळ ताटकळत उभं राहतं?"

सिस्टरांचा हात थांबला. मग त्यांनी सगळं सांगितलं. प्लेटचं, खोक्याचं, आणि त्याला गप्प राहायला कुणी शिकवलं तेही.

ताईनं तो पाय दोन्ही हातांनी उचलला, सिस्टरांच्या मांडीवरून बाजूला घेतला आणि त्यावर पांघरूण ओढलं.