पडावात बसून आलेलं इंजिन

शहरातलं पहिलं रेल्वे इंजिन पडावात, म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या होडीत, बसून आलं, हे आता कुणाला खरं वाटत नाही. पण आक्कांनी ते नऊ वर्षांच्या असताना डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचे वडील कालव्याच्या पाणदरवाजावर होते. खालच्या कालव्यातून आलेला पडाव आत घ्यायचा, दारं लावायची, वरचं पाणी सोडून तो पुरुषभर उचलायचा, की चालला शहरात! कोळसा, कापसाच्या गाठी, यंत्रं, सगळं तिथूनच जाई. गिरण्यांची तोंडंसुद्धा कालव्याकडे होती.

त्या दिवशी इंजिनाच्या ओझ्याने पडाव इतका खोल बसला की तो दरवाजाच्या उंबऱ्यावरच अडकला.

पडाव हाकणारा तांडेल हळूच म्हणाला, "दादा, पडाव आत येत नाही म्हणून सांगा. जाईल परत. हे धूड आपल्या दोघांच्या पोटावर पाय देणार आहे."

"ठाऊक आहे," वडील म्हणाले. "पण माझ्या दारातून आजवर कुणी माघारी गेलेलं नाही."

त्यांनी वरून जास्तीचं पाणी सोडलं आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून स्वतः दोर ओढला. पडाव करकरला, हलला, आत आला. काठावरच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. तांडेल तेवढा दोर गुंडाळत राहिला.

त्याचं बोलणं सहा वर्षांत खरं ठरलं. गिरण्यांनी मागच्या भिंती पाडून रुळांकडे नवी फाटकं काढली. दुकानं स्टेशनाकडे सरकली, त्यांच्यामागे वस्ती गेली आणि कालव्याकाठचा हमरस्ता बघता बघता मागची गल्ली झाला. दिवसाचे तीस पडाव होते, ते तीनावर आले. मग तेही थांबले.

वडिलांनी रेल्वेच्या फाटकावर नोकरी धरली. "दार ते दारच," म्हणून हसायचे. पण सुट्टीच्या दिवशी पाणदरवाजाच्या चाकांना पदरच्या तेलाचं बोट लावून येत. तेलाची बरणी आक्कांच्या हातात असे. पाण्याचा तो हिरवट वास आक्कांना अजून आठवतो.

इतकी वर्षं फाटक सांभाळून वडील गाडीत कधी बसले नव्हते. आक्का गिरणीत लागल्या, तेव्हा पहिल्या रजेत त्यांनी वडिलांना बळेबळे गाडीत बसवलं. पुलावरून कालवा दिसला तसे ते उठून उभे राहिले, तो दिसेनासा होईपर्यंत.

"कसं वाटलं, बाबा?" आक्कांनी उतरताना विचारलं.

"धक्के फार बसतात. पाण्याची सर नाही." चार पावलं चालून ते थांबले. "पण पोरी, परतताना जागा खिडकीचीच धर हं."