नववं मत

जनरल सर एव्हरार्ड टॉलबर्न यांचा डावा पाय सकाळपासून टेबलाखाली हलत होता. पायाची जुनी दुखणी हे आपलं निमित्त. डोव्हरच्या किल्ल्यातल्या त्या दालनात तेरा अधिकारी एका माणसाच्या जिवाचा फैसला करायला बसले होते. कॅप्टन केटलवेल फ्रेंच येताना पाहून आपली तुकडी टाकून पळाला होता. त्याला गोळ्या घालायच्या, तर तेरापैकी नऊ मतं हवीत, असा कायदा.

मतं धाकट्यापासून घ्यायची, असा रिवाज. थोरल्याने आधी तोंड उघडलं की धाकटे नुसत्या माना डोलावतात. टॉलबर्न अध्यक्ष, म्हणजे सगळ्यांत शेवटी. तोवर त्यांनी गप्प बसायचं. आणि एक गोष्ट सोडली तर गप्प बसणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

सगळ्यांत धाकटा कॅप्टन वीव्हर. गालाला अजून धड वस्तरा लागला नव्हता.

"मरण," तो म्हणाला. "सर, तुमच्या पुलाची गोष्ट ऐकतच आम्ही मोठे झालो. बाविसाव्या वर्षी चाळीस शिपायांनिशी पूल धरलात तुम्ही! आणि हा गडी चार फ्रेंच टोप्या दिसल्या की धूम!"

जनरलांचा पाय आणखी जोरात हलू लागला.

त्या पुलाने त्यांना मेजर केलं, मग कर्नल. स्कॉटलंडची मोहीम मिळाली, आयर्लंडात पाच वर्षं कारभार मिळाला, राजाच्या हातून 'सर' मिळालं. गावाकडच्या खाणावळीवर पाटी लागली, 'टॉलबर्नचा पूल'. आणि तो पूल त्यांनी धरलाच नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून चव्वेचाळीस वर्षं मूठ उघडली नव्हती एवढंच.

"मरण." "मरण." "नको." "मरण."

जनरलांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. उठून खिडकीशी गेले, परत बसले. एक म्हातारा मेजर 'नको' म्हणाला तेव्हा त्यांना त्याला मिठी मारावीशी वाटली.

"सर, तेवढा पाय आवरा," शेजारचा कर्नल प्रॅट पुटपुटला. "टेबल हलतंय. शाई सांडली तर कारकून बोंबलेल."

मग प्रॅटची पाळी आली. "मरण," तो म्हणाला आणि जांभई दिली.

आठ झाली. चार जण नको म्हणाले होते. कारकुनाने मान वर केली. "आपलं, सर?"

'नको' एवढं म्हणून भागलं असतं. केटलवेल वाचला असता, मूठही झाकलेली राहिली असती. पण वीव्हर त्यांच्याकडे देवाकडे पाहावं तसं पाहत होता, आणि ते काही त्यांना सोसेना.

"नको," जनरल म्हणाले. "कारण पळालो तर मीही होतो. फ्लँडर्सात, धुक्यात. फ्रेंचांचे ढोल वाजले आणि मी शलगमाच्या शेतात जाऊन तोंड खुपसून पडलो. पूल सार्जंट हॉब्झने धरला. तो मेला, पोरं मेली. धुकं विरल्यावर मी चिखलाने माखून परत आलो आणि लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी गप्प बसलो. झालं?"

मग प्रॅट खदाखदा हसत सुटला.

"वा, सर! एका भेकडाचा जीव वाचवायला स्वतःच्या तोंडाला काळं फासताय! असं मन फक्त शूराचंच असतं."

"अरे, खरं सांगतोय मी!"

"हो हो, सर. शलगमाचं शेत तर फर्मासच!"

सगळं टेबल हसू लागलं. वीव्हर मात्र हसला नाही. तो ताठ उभा राहिला, डोळे भरून आलेले. "चुकलो मी, सर," तो म्हणाला. "शौर्य म्हणजे काय, ते आज कळलं."

जनरलांना वाटलं, याच्या कानफटात मारावी.

"हसू नका!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "केटलवेल जगेल, बरं झालं. पण त्या सार्जंटचं नाव कुठेतरी लिहा रे! कुठल्याही कागदावर लिहा!"

कारकून सभ्य माणूस. म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून त्याने कोरा कागद पुढे ओढला, लेखणी बुडवली.

"सार्जंट हॉब्झ," त्याने लिहिलं. "आणि पहिलं नाव, सर?"

जनरलांनी तोंड उघडलं. ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.