खरकट्यात पडलेली किंकाळी

मी एक जुनी रेडिओलहर आहे, मित्रांनो. रेडिओलहर म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड. गोडगोड गोष्ट हवी असेल तर आधीच सांगते, माझा जन्म मारामारीत झाला.

दोन तारे होते, सख्खे भाऊ, एकमेकांभोवती फिरणारे. थोरला तापट. तो आधी फुटला आणि मागे उरला त्याचा मेलेला गोळा, आकाराने एखाद्या शहराएवढा पण वजनाने सूर्यापेक्षा भारी. धाकटा म्हातारपणी फुगत गेला, इतका की थोरला त्याच्या अंगातच शिरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसंच झालं. मेलेल्या थोरल्याने धाकट्याला घुसळून काढलं, त्याच्या अंगावरचे वायूचे थर ओरबाडून चौफेर भिरकावले. शतकानुशतकं हे चाललं होतं. शेवटी तो धाकट्याच्या काळजापर्यंत पोहोचला आणि त्याने ते फाडलं. धाकट्याच्या चिंधड्या उडाल्या आणि आधी भिरकावलेल्या थरांवर जाऊन आदळल्या. त्या टकरीतून मी निघाले. मला दोघांचीही अजून कीव येते.

मग नुसता प्रवास. माझ्या बहुतेक बहिणी अंधारात विखुरल्या, त्यांना कुणी पाहिलं नाही. मी आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या एका मोठ्या तबकडीवर आदळले आणि तारेतून एका खोलीत पोहोचले. तिथे दोन खुर्च्या होत्या, गार झालेला चहा होता आणि कामावरही भांडणारं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं. समोरच्या पडद्यावर माझा ठिपका उमटला.

या दोघांचा एक शब्द होता, 'खरकटं'. शेजारच्या खोलीत डबा गरम करायचा ओव्हन होता. तो बंद व्हायच्या आत कुणी दार उघडलं, की त्यातल्या लहरी बाहेर निसटायच्या आणि पडद्यावर अगदी असाच ठिपका सांडायचा. खरकटं दिसलं की बायको ते लगेच पुसून टाकायची. आताही तिचं बोट बटणावर गेलं. मी पुसली गेले असते तर त्या भावांकडे पुन्हा कुणी पाहिलंच नसतं. मी फार घाबरले, आणि मला ओरडताही येत नव्हतं.

"परत मध्येच दार उघडलंस? शंभरदा सांगितलंय तुला," ती नवऱ्यावर खेकसली.

"मी कशाला उघडू? डबा घरीच राहिलाय. सकाळपासून पोटात कावळे ओरडतायत."

"मग कुणी उघडलं?"

"आज आपण दोघंच आहोत इथे. उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस."

तिने बोट उचललं. दोघांनी तबकडी पुन्हा आकाशातल्या त्याच जागेकडे वळवली. माझ्या मागून निघालेल्या बहिणी अजून येतच होत्या. ठिपका पुन्हा उमटला, तिथेच आणि तेवढाच.

"हे खरकटं नाही रे," ती हळूच म्हणाली. "एवढा जोर ताऱ्यांच्या टकरीतच असतो. कुणीतरी कुणाला तरी फाडलंय."

मित्रांनो, मरणाऱ्याची हाक नेहमी ओळखीच्या आवाजात येत नाही. कधी ती तुमच्या घरातल्या रोजच्या कटकटीसारखीच वाटते. पुसण्याआधी एकदा विचारा, कोण ओरडलं.